निवळवाडीची तुटक रेष

आमच्या कार्यालयात अखेरचं वाक्य कुणी आणि कधी वाचलं, याची नोंद कुठेही नाही. माझा अंदाज दोन हजार तेहेतीस सालचा आहे, कारण त्या वर्षी रेखिका आली. त्यानंतर लोक नुसतं बघायला लागले आणि वाचायचं ते सगळं जोडपत्रात गेलं.

मी ज्योत्स्ना खरमाटे, पाण्याच्या एका सरकारी कार्यालयातली आरेखक. जमिनीखालचं पाणी शोधणं हे आमच्या साहेबलोकांचं काम आणि ते कागदावर दिसेल असं काढणं हे माझं. नोकरीला लागले तेव्हा हातात शाईचं पेन आणि समोर ट्रेसिंग पेपर होता. मग संगणक आला, मग सादरीकरणं आली, मग रेखिका. दर वेळी लोक म्हणाले, आता आरेखकांचं काही खरं नाही. आणि दर वेळी साहेबांना बटण दाबायला कुणीतरी लागलंच.

रेखिकेबद्दल थोडं सांगायला हवं. पूर्वी सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृत्यांचे तयार साचे असायचे. वर्तुळ, पिरॅमिड, जिना, एकातून एक निघणारे चौकोन. मुद्दे टाइप करायचे, साचा निवडायचा, आणि विषय पाण्याचा असो की बढत्यांचा, तो पिरॅमिडमध्ये कोंबायचा. रेखिकेला साचे लागत नव्हते. ती मजकूर समजून घ्यायची. कशामुळे काय होतं, काय कशाचा भाग आहे, आधी काय आणि नंतर काय, हे वाक्यातून उचलायची आणि त्याचे चौकोन न् बाण करायची. पुढच्या आवृत्तीत तर ती खडकांचे थर, बोअरच्या नोंदी, उपग्रहांची मोजमापं स्वतःच जोडायला लागली. ‘पाणी पठारावरून येते’ एवढं लिहिलं की पडद्यावर अख्खा डोंगर उभा चिरल्यासारखा दिसायचा आणि त्याच्या भेगांमधून निळं पाणी खरोखर वाहायचं. माणसाच्या डोळ्याला हलणारी गोष्ट खरी वाटते. मांजराला दोरीचं टोक उंदीर वाटतं, तसंच.

वाक्यात एखादा शब्द असा असायचा की ज्याचा ना चौकोन होई, ना बाण. तिथे रेखिका अडखळायची. त्या शब्दाखाली पिवळी रेघ यायची आणि बाजूला प्रश्न: ‘याला आकृतीत जागा नाही. वगळू?’ साधारणपणे, काही अंशी, ग्रामस्थांच्या मते, बहुधा. अशा पिवळ्या रेघा मी दिवसाला पन्नास तरी वगळत असे. हात आपोआप ‘हो’वर जाई.

हा दोष रेखिकेने लावलेला नव्हता, तो माझा जुनाच. माझे पहिले गुरू, आमचे हेड ड्राफ्ट्समन शिंत्रेकाका, ट्रेसिंग शिकवताना सांगायचे, “साहेबांची पेन्सिल चाचपडते. आपल्या शाईनं चाचपडायचं नाही.” साहेबांच्या कच्च्या नकाशावर एकाच ओढ्याच्या तीन फिकट रेषा असायच्या. त्यातली एक निवडायची आणि ठसठशीत काढायची, बाकीच्या जणू नव्हत्याच. ज्याचा नकाशा स्वच्छ तो चांगला आरेखक. मी फार चांगली आरेखक होते.

आता मुजावर सरांबद्दल. डॉ. अस्लम मुजावर, आमचे भूवैज्ञानिक. वीस वर्षं त्यांनी डोंगर तुडवले आणि वीस वर्षं मी ते कागदावर उतरवले. त्यांच्या अहवालात ‘बहुधा’ हा शब्द मिठासारखा सगळ्यात असायचा. कार्यालयात त्यांना बहुधासाहेब म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि ते हसत. रोज चार वाजता ते माझ्या टेबलाशी चहा प्यायला येत. एकदा म्हणाले होते की माझ्या नकाशावर तुमची शाई चढली की मग मलाही तो खरा वाटायला लागतो. ते मी कौतुक म्हणून घेतलं होतं.

*

निवळवाडीचा विषय आला तो विजेमुळे. दिवसा उन्हाची वीज जास्त होते, संध्याकाळी कमी पडते. म्हणून दिवसा पाणी डोंगरावर चढवून ठेवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची, असा प्रकल्प. त्यासाठी डोंगरातून बोगदा हवा. दोन मार्ग होते. दक्षिणेचा आखूड, वर्षभर आधी पुरा होणारा, पूर्वेचा लांब. त्या डोंगराच्या कुशीत निवळवाडी, चौसष्ट घरं, बहुतेक मेंढपाळांची. वाडीला विहीर नाही, बोअर लागत नाही. एक झरा आहे, बारमाही. माणसं, मेंढरं, भाज्यांचे वाफे, सगळं त्याच्यावर. प्रश्न एवढाच होता की त्या झऱ्याचं पाणी डोंगरात कुठून येतं. ते ज्या बाजूने येत नाही, त्या बाजूने बोगदा खणायचा.

मुजावर सर मार्चमध्ये अठरा दिवस वाडीत राहिले आणि अहवाल देऊन सहा महिन्यांसाठी दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेले. चाळीस पानी अहवालातून सात पानांचं सादरीकरण करणं माझ्याकडे आलं. चौथ्या पानावरचं वाक्य होतं: ‘निवळवाडीच्या झऱ्यास पाणी बहुधा उत्तरेकडील पठारावरून येते.’ पिवळी रेघ आली. मी ‘हो’ दाबलं. पुढच्या क्षणी पडद्यावर डोंगर उघडला आणि उत्तरेकडून निळं पाणी असं काही सुरेख वाहायला लागलं की शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले.

ऑगस्टमध्ये वाडीच्या शाळेत जनसुनावणी झाली. मी रेखिका चालवायला गेले होते. आमचे प्रादेशिक प्रमुख सौमित्र वाळिंबे बोलले. चाळिशीचा तरतरीत माणूस, खोटं न बोलणारा, पण घाईत असणारा. पडद्यावर पाणी उत्तरेकडून येऊन झऱ्यात पडत होतं आणि दक्षिणेकडचा बोगदा त्याला कुठेही शिवत नव्हता. लोक टक लावून बघत होते. वाळिंबे साहेबांनी तीनदा विचारलं, कुणाची हरकत, कुणाची शंका? पुढच्या रांगेतल्या एका बाई उठल्या. अनुसयाबाई कोकरे, साठीच्या, गावच्या उपसरपंच. त्यांनी विचारलं की हे पडद्यावर दिसतंय ते पाणी आत्ताचं आहे का. साहेब म्हणाले, नेहमी असंच वाहतं. बाई थोडा वेळ उभ्याच राहिल्या, मग खाली बसल्या. इतिवृत्तात मी ‘हरकत नाही’ असं लिहिलं.

सप्टेंबरात दक्षिण मार्ग मंजूर झाला. दिवाळीनंतर सुरुंग लागणार होते. त्याच आठवड्यात वाळिंबे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की राज्याचा नवा आकृती कक्ष पुण्यात होतो आहे, त्याची प्रमुख म्हणून त्यांनी माझं नाव पाठवलं आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि एका आरेखकाला स्वतःची केबिन. मी घरी जाताना पेढे घेतले.

*

मुजावर सर परत आले ते एका सोमवारी. चार वाजता ते टेबलाशी आले, पण बसले नाहीत. हातात त्यांच्या अहवालाचं एक पान होतं आणि एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल.

“खरमाटेबाई, बोर्डावर निवळवाडीची आकृती लागलीय. तो बाण कुणी काढला?”

मी म्हटलं, रेखिकेने.

“आणि तिला वाक्य कुणी दिलं?”

वीस वर्षांच्या ओळखीत याचं उत्तर द्यायची गरज नव्हती. ते खुर्ची ओढून बसले आणि मला अगदी शांतपणे, शाळेत शिकवतात तसं समजावून सांगितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आपला काळा कातळ वरून अखंड दिसतो, पण तो थरांचा असतो. लाव्हा एकावर एक पसरत गेला, मध्ये तांबड्या मातीचे पातळ पट्टे राहिले आणि थरांना भेगा पडल्या. पाणी या भेगांमधून वाट काढत जातं. ती वाट बाहेरून कुणाला दिसत नाही. म्हणून एका जागी पाण्यात निरुपद्रवी रंग सोडायचा आणि झऱ्यावर वाट बघत बसायचं. रंग आला तर वाट आहे. मार्चमध्ये उत्तरेच्या पठारावर रंग टाकला, तो नवव्या दिवशी झऱ्यात उतरला. म्हणजे उत्तरेकडून पाणी येतं हे नक्की. पण झरा जेवढं पाणी देतो, त्यातलं जेमतेम निम्मं उत्तरेकडून आलेलं जुळत होतं. उरलेलं कुठलं? दक्षिणेच्या तळ्यात रंग टाकायला मार्चमध्ये पाणीच नव्हतं.

“मला माहीत नव्हतं,” सर म्हणाले. “म्हणून तो शब्द लिहिला. तो एक शब्द लिहायला मला अठरा दिवस लागले होते, बाई.”

मी म्हटलं, पूर्ण अहवाल जोडपत्रात लावला होता. हे म्हणताना मलाच माझी लाज वाटली. जोडपत्र कोण वाचतं ते मला ठाऊक होतं.

त्यांनी एवढंच विचारलं की दक्षिणेची भेग बोगद्याने कापली तर काय होईल, माहीत आहे ना. माहीत होतं. पाणी बोगद्यात उतरेल, आणि बोगद्यात उतरलेलं पाणी परत झऱ्याला चढत नाही. ते उठले, पान टेबलावर ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही.

*

मी काही थोर बाई नाही. पहिले दोन दिवस मी यातून गुपचूप वाट निघते का ते बघितलं. विचार असा की आकृतीत नकळत दुरुस्ती करावी, कुणीतरी वरचा बघेल, विचारेल, आणि माझं नाव न येता गाडी रुळावर येईल. आरेखनात यासाठी जुनी सोय आहे. जे दिसतं, मोजलेलं असतं, त्याची रेष अखंड. जे झाकलेलं आहे, मोजायचं राहिलं आहे, त्याची तुटक. ही गोष्ट आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात.

सगळं पाणी तिकडूनच येतं हे मोजलेलं नव्हतं, म्हणून मी रेखिकेत उत्तरेचा बाण तुटक केला. तिने तो लगेच अखंड केला आणि बाजूला लिहिलं, ‘रेष दुरुस्त केली’, वर एक हसरा चेहरा. मी पुन्हा केला, तिने पुन्हा जोडला. दक्षिणेला रिकामी भेग दाखवून प्रश्नचिन्ह टाकलं, तर ती भेगच पुसून गेली. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. ती लाखो तयार सादरीकरणं बघून शिकली होती, आणि त्या लाखांमध्ये ‘आम्हाला माहीत नाही’ असं दाखवणारं एकही पान नसणार. कुठलं कार्यालय असं पान दाखवतं? तिच्या लेखी तुटलेली रेष म्हणजे कुणाचा तरी हात घसरलेला. तिचं आणि माझं शिक्षण एकाच शाळेत झालं होतं म्हणा ना.

पुण्याच्या केबिनचा विचार डोक्यातून जात नव्हता. नवरा म्हणाला, तू काय मुद्दाम केलंस का, यंत्राने विचारलं म्हणून हो म्हटलंस. ते खरंही होतं. पण मला सारखी ती पुढच्या रांगेतली बाई उभी राहिलेली दिसत होती. ‘हरकत नाही’ हे मी लिहिलं होतं, तिने म्हटलं नव्हतं.

गुरुवारी मी कपाटाच्या तळातून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली, पेन धुतलं, नवी शाई भरली. डोंगर काढला. उत्तरेची वाट जिथे सिद्ध झाली होती तिथे अखंड, पण बारीक. झऱ्याचं उरलेलं निम्मं पाणी दाखवायला दक्षिणेकडून एक रेष ओढली, तुटक, आणि तिच्या सुरुवातीला काहीच काढलं नाही, कोरं सोडलं. कोरं सोडताना हात इतका अडला की विचारू नका. तीस वर्षांच्या सवयीला तो कागद अपुरा वाटत होता.

मग खुलासा लिहिला. सरकारी नोकरीत खुलासा मागतात, मग माणूस देतो. न मागता खुलासा देणारा माणूस आमच्या कार्यालयाच्या इतिहासात झाला नसावा. त्यात सरळ लिहिलं की अहवालातला अमुक शब्द मी काढला, त्यामुळे आकृती चुकीची झाली, सुनावणी चुकीच्या आकृतीवर झाली. आणि तो घेऊन केबिनमध्ये जाण्याआधी आवक-जावकच्या टेबलाशी जाऊन त्यावर आवक क्रमांक घालून घेतला. नोकरी केलेल्या माणसाला याचा अर्थ कळेल. बिनक्रमांकाचा कागद खणात जातो. क्रमांक पडलेल्याला उत्तर द्यावं लागतं.

वाळिंबे साहेबांनी दोनदा वाचलं, मग वरचा शिक्का बघितला.

“नंबर पण घालून आणलात, मॅडम.”

मी म्हटलं, हो, नाहीतर माझाच विचार बदलला असता.

ते चिडले नाहीत असं नाही. त्यांनी विचारलं की मंजुरी झाल्यावर मी वर जाऊन काय सांगू, आमच्या आरेखकाचा हात आपोआप ‘हो’वर जातो? मग खुलाशाला जोडलेली माझी आकृती उलगडून बघितली. त्यांची अडचण वेगळीच होती आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. तुटक रेष दाखवली की समोरचा विचारतो, तुम्हाला माहीत नाही का? आणि त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे काही नसतं.

“नाही माहीत, साहेब,” मी म्हटलं. “तेवढंच तर दाखवायचंय.”

ते म्हणाले, पुण्याचं विसरा. मी म्हटलं, विसरले. खोटं बोलले, नंतर बरेच दिवस आठवत होतं. पण त्यांनी शेवटी एक फेरसुनावणी आणि दिवाळीपर्यंतचे पाच आठवडे दिले. त्यात दक्षिणेचं काही सिद्ध झालं तर मार्ग बदलेल, नाही झालं तर सुरुंग लागतील, असं त्यांनी लेखी दिलं. घाईतला माणूस असला तरी शब्दाचा पक्का होता.

*

फेरसुनावणी दसऱ्याच्या आधी आठ दिवस झाली. पडदा नव्हता. माझा कागद शाळेच्या व्हरांड्यात दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवला होता. मुजावर सर आले होते, मागच्या बाकावर बसले होते, माझ्याशी अजून बोलत नव्हते.

मला भाषण येत नाही. मी कागदाजवळ उभी राहून सांगितलं की मागच्या वेळी दाखवलेलं चित्र चुकीचं होतं, ते माझ्या हातून चुकलं. ही अखंड रेष म्हणजे आम्हाला माहीत आहे. ही तुटक म्हणजे माहीत नाही. तुमच्या झऱ्याचं निम्मं पाणी कुठून येतं ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. मग लोक उठून कागदाजवळ आले, कुणी बोट ठेवलं, कुणी मान तिरकी करून बघितलं. मागच्या सुनावणीत एकही माणूस पडद्याजवळ आला नव्हता. अनुसयाबाई सगळ्यांना बाजूला सारत पुढे आल्या आणि तुटक रेष जिथून निघत होती त्या कोऱ्या जागेवर त्यांनी सबंध हात ठेवला.

“हितं तळं हाय, बाई. आमचं मेंढरं धुवायचं.”

वर्षातून दोनदा कातरणीच्या आधी वाडी मेंढ्या धुते. दक्षिणेच्या तळ्यात, रिठ्याच्या पाण्याने. हजारभर मेंढ्या धुतल्या की तळं फेसाळतं. आणि मग, अनुसयाबाई म्हणाल्या, आठा-नऊ दिसांनी आपल्या झऱ्याचं पाणी कडू लागतं, वर बारीक फेस धरतो. दोन दिवस बायका ते पाणी पीत नाहीत, आधीच भरून ठेवतात. त्यांच्या सासूच्याही आधीपासून असंच. वाडीत त्या कडू पाण्याला नावसुद्धा होतं, मेंढवणी.

व्हरांड्याच्या टोकाशी मुजावर सर उभे राहिलेले मी बघितले. भूवैज्ञानिक ज्या प्रयोगासाठी रंगाचे डबे वाहून नेतात, तो ही वाडी पिढ्यान्‌पिढ्या वर्षातून दोनदा करत होती. सर अठरा दिवस त्यांच्यात राहिले होते, त्यांची भाकरी खाल्ली होती, आणि मेंढ्या कुठे धुता हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते डोक्याला हात लावून हसायला लागले. मग चष्मा काढून डोळे पुसले.

मी अनुसयाबाईंना विचारलं, “मावशी, मागल्या वेळी का नाही बोललात?”

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

“तवा तुमास्नी समदं ठावं हुतं की.”

तीस वर्षं मी स्वच्छ नकाशे काढले आणि त्यातल्या किती नकाशांसमोर कोण कोण असं उठून खाली बसलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. मुजावर सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले की चहा मिळेल का बघा कुठे, चार वाजून गेलेत.

*

फेसाची गोष्ट सरकारदरबारी पुरावा होत नाही, त्यासाठी मोजमाप लागतं. दुसऱ्याच दिवशी सरांनी तळ्यात रंग सोडला. तो पाण्यात मिसळला की डोळ्यांना पोपटी दिसतो, निळ्या उजेडात लखलखतो, आणि माणसा-मेंढरांना त्याचा काही अपाय नसतो. प्रयोगात गडबड नको म्हणून वाडीने आपणहून धुणं पुढे ढकललं. त्या वर्षी दसऱ्याला निवळवाडीच्या मेंढ्या मळक्याच राहिल्या, आणि शेजारच्या गावांनी त्यावरून त्यांना पुष्कळ चिडवलं.

सर शाळेतच मुक्कामाला राहिले. पाणी दर तीन तासांनी बाटलीत घ्यायचं आणि बाटलीवर वेळ लिहायची, हे काम बायकांनी वाटून घेतलं. चौथा दिवस गेला, सहावा गेला. सातव्या दिवशी सरांनी फोनवर सांगितलं की काही नाही, आणि त्यांचा आवाज खाली गेलेला होता. मी म्हटलं, आठा-नऊ दिवस म्हणाल्यात त्या, मोजायला बसा. आठव्या दिवशी सुट्टी होती. मी कागदाची नळी बगलेत मारून पहिल्या एसटीने वाडीत गेले.

झऱ्याच्या दगडी कुंडीभोवती निम्मी वाडी बसलेली होती. दहा वाजता एका तरुण सुनेने कळशी भरली, उन्हात धरली आणि अनुसयाबाईंच्या पुढ्यात ठेवली. पाण्याला हिरवट झाक होती. सरांनी बाटली भरून पिशवीत धरली आणि निळा टॉर्च मारला. पिशवीच्या आत पोपटी उजेड पेटला.

आपलं पिण्याचं पाणी हिरवं झालं म्हणून माणसं एवढी आनंदलेली मी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. कुणी गुलाल आणायला धावलं, कुणी कुंडीला नारळ फोडला. मी रडत होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

गडबड ओसरल्यावर मी कुंडीच्या काठावर कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पेनचं टोपण काढलं. अनुसयाबाईंनी विचारलं, आता काय करायचं? मी सांगितलं की ही तुटक रेष आता अखंड करायची, आपल्याला कळलंय ना. त्यांनी हात पुढे केला. मी क्षणभर थांबले आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

शाईचं पेन त्यांनी कधी धरलं नव्हतं. त्यांनी तळ्यापासून सुरुवात केली. रेष थरथरत निघाली, माझ्या पहिल्या दोन तुकड्यांवरून बरोबर गेली, तिसऱ्याला चुकून वरून वळसा घालून आली आणि झऱ्याच्या तोंडाशी पेन टेकून राहिल्यामुळे वाटाण्याएवढा डाग पडला. त्या एकदम ओशाळल्या.

“खराब क्येला का तुमचा कागुद?”

“नाही हो,” मुजावर सर खाली वाकून बघत म्हणाले. “पाणी असंच येतं.”

सोमवारी तो कागद बाटल्यांच्या नोंदींसह वाळिंबे साहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथून वर. मला सेवापुस्तकात एक लेखी समज मिळाली, ती रास्तच होती. पुण्याच्या केबिनमध्ये दुसरं कुणी बसलं. पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे, तथापि जोडलेल्या आकृतीवर शाई सांडली असून रेष वाकडी आहे, तरी स्वच्छ प्रत पाठवावी. साहेब ते पत्र घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले. स्वच्छ प्रत काढायला मला पाच मिनिटं लागली असती. मी पेन उचललं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. तिथेच उभ्या उभ्या, माझ्याच पेनने, त्यांनी पत्राच्या समासात उत्तर लिहिलं: ‘स्वच्छ प्रत उपलब्ध नाही. सदर रेष ग्रामस्थांनी काढलेली असून ती बरोबर आहे.’ पूर्वेच्या मार्गाचा आदेश मार्गशीर्षात निघाला, आणि त्या वाकड्या रेषेची प्रत त्याला जोडलेली होती, पहिल्याच पानावर.